‘वाडा’ : कुंपणापासून राजवाड्यापर्यंत
(हातखंबा परिसराच्या संदर्भात एका शब्दाचा इतिहास)

प्रस्तावना

मुंबई-गोवा महामार्गावर रत्नागिरी शहराकडे जाणारा फाटा जेथे फुटतो, ते हातखंबा हे गाव रत्नागिरी तालुक्यातील दळणवळणाचे महत्त्वाचे ठिकाण होय. येथील तिठ्यावरून एक रस्ता पश्चिमेस रत्नागिरीकडे जातो, महामार्ग दक्षिणेस पाली, राजापूर, सावंतवाडीकडे निघतो आणि पालीपर्यंत त्याच्यासोबत असलेला कोल्हापूरचा रस्ता पुढे नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढतो. या तिन्ही दिशांना ‘वाडा’ किंवा ‘वाडी’ हा शब्द भेटतो. आश्चर्य असे की, तो प्रत्येक दिशेला वेगळ्या अर्थाने भेटतो. रत्नागिरी शहरात मिरकरवाडा ही मच्छीमारांची वस्ती व बंदर आहे, तर त्याच शहरात थिबा राजवाडा ही एका पदच्युत राजासाठी बांधलेली वास्तू आहे. घाटमाथ्यावर धनगरवाडे आहेत. घाट ओलांडताच शाहूवाडी लागते. दक्षिणेकडे सावंतवाडी हे एका संस्थानाच्या राजधानीचे नाव आहे. खुद्द हातखंब्याच्या शेजारी झरेवाडी आहे.

मराठी माणसाला ‘वाडा’ म्हटले की दगडी जोते, दिंडीदरवाजा, चौक आणि सागवानी खांब असलेली भव्य वास्तू आठवते. शालेय पाठ्यपुस्तके, ऐतिहासिक कादंबऱ्या आणि चित्रपट यांनी हाच अर्थ रूढ केला आहे. परंतु कोकणातील ग्रामीण बोलीत हा अर्थ मुख्य नाही. तेथे वाडा म्हणजे प्रथम माणसांची किंवा गुरांची एकत्र वस्ती. एकाच शब्दाने श्रीमंताची हवेली, मेंढरांचा कोंडवाडा आणि गावाबाहेर ठेवलेल्या समाजाची वस्ती या तिन्ही गोष्टी दर्शविल्या जाव्यात, हा केवळ भाषिक योगायोग मानता येत नाही. या अर्थभेदामागे जमीन, सत्ता आणि जात यांचा इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात ‘वाडा’ या शब्दाची व्युत्पत्ती आणि त्याच्या अर्थाचा प्रवास हातखंबा व रत्नागिरी परिसर मध्यवर्ती ठेवून तपासला आहे.

व्युत्पत्तीचा विचार

‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाट’ किंवा ‘वाटक’ या शब्दापासून आला, याविषयी बहुतेक कोशकारांचे एकमत आहे. येथील ‘वाट’ म्हणजे रस्ता नव्हे. रस्ता या अर्थाची मराठी ‘वाट’ ही ‘वर्त्मन्’ या शब्दापासून प्राकृतातील द्वित्वाच्या मार्गाने आलेली आहे. त्या द्वित्वामुळेच तिच्यातील ‘ट’ टिकून राहिला. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण किंवा कुंपणाने वेढलेली जागा. दोन स्वरांमध्ये येणाऱ्या ‘ट’चा प्राकृतात ‘ड’ होतो, हा नियम वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’पासून प्रसिद्ध आहे. घटाचा घडा आणि वटाचा वड झाला तो याच नियमाने. ‘घोटक’पासून ‘घोडा’ व ‘घोटिका’पासून ‘घोडी’ व्हावी, त्याचप्रमाणे ‘वाटक’पासून ‘वाडा’ आणि ‘वाटिका’पासून ‘वाडी’ झाली. म्हणजे वाडा आणि वाडी ही भावंडे आहेत. वाडी हे वाड्याचे नंतर तयार झालेले लघुरूप नव्हे.

मूळ धातूविषयी मात्र दोन मते संभवतात. संस्कृत धातुपाठात ‘वट्’ हा धातू वेष्टन, म्हणजे वेढणे, या अर्थाने दिलेला आहे आणि पारंपरिक पद्धतीने ‘वाट’ त्यापासून साधता येतो. आधुनिक तौलनिक भाषाशास्त्राचा कल मात्र तो ‘वृ’, म्हणजे झाकणे, आवरणे, या धातूकडे नेण्याचा आहे. आर. एल. टर्नर यांनी भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात हीच दिशा स्वीकारली आहे. ‘वृति’ म्हणजे कुंपण हा संस्कृत शब्दही त्याच धातूचा. मूळ रूपातील ‘र’काराच्या प्रभावाने पुढील ‘त’ मूर्धन्य होऊन ‘ट’ झाला आणि हे प्राकृत वळणाचे रूप पुढे संस्कृतात प्रतिष्ठित झाले, असा याचा अर्थ. कोणताही धातू स्वीकारला तरी अर्थ एकाच ठिकाणी येऊन थांबतो, ते ठिकाण म्हणजे कुंपण.

याच्या शेजारी आणखी एक शब्दकुल उभे आहे. संस्कृतात ‘पाटक’ म्हणजे गावाचा एक भाग. मराठीतील ‘पाडा’ हा त्याचा वंशज. द्राविडी भाषांत वस्ती या अर्थाने ‘पाडि’ किंवा ‘पाटि’ हे शब्द आढळतात आणि ‘पळ्ळी’ हा शब्द तर सर्वत्र आहे. फ्रँकलिन साउथवर्थ या भाषाशास्त्रज्ञाने महाराष्ट्रातील ‘-वली’ प्रत्ययान्त ग्रामनामांचा संबंध या ‘पळ्ळी’शी जोडला असून अशा नावांचे प्रमाण कोकणपट्टीत लक्षणीय असल्याचे दाखवले आहे. हातखंब्याजवळील पाली या ग्रामनामाचाही विचार या अंगाने करण्यासारखा आहे. ‘वाटक’ आणि ‘पाटक’ यांची सरमिसळ प्राचीन काळापासूनच झालेली दिसते. गुजरातमधील अणहिलवाड या राजधानीचे नाव अणहिलवाटक आणि अणहिलपाटक अशा दोन्ही रूपांत आढळते. मुंबईत आजही कुंभारवाडा, भोईवाडा यांच्याच सोबतीला नागपाडा, आग्रीपाडा नांदतात. तेव्हा ‘वाडा’ हा शब्द शुद्ध आर्यकुलाचा की द्राविडी छायेचा, हा वाद एका बाजूने सोडविण्याचा आग्रह धरू नये. कोकणासारख्या दोन भाषाकुलांच्या सीमेवरील प्रदेशात शब्दांनी एकमेकांना आधार दिला असणे स्वाभाविक आहे.

इतर भाषांतील सोयरे शब्द पाहिले म्हणजे मराठीचे वेगळेपण कळते. हिंदीत ‘बाड़’ म्हणजे कुंपण आणि ‘बाड़ा’ म्हणजे आवार. गुजरातीत ‘वाडो’ म्हणजे घरामागची बंदिस्त जागा. या भाषांत शब्द कुंपणाच्या जवळपासच राहिला. बंगालीत ‘बाडी’ म्हणजे थेट घर. जोडासांको येथील ठाकुरबाडी किंवा जमीनदारांच्या राजबाड्या ही त्याची उदाहरणे. मराठीने मात्र दोन्ही टोके हातात ठेवली. ग्वाल्हेर येथील ‘महाराज बाडा’ हे नाव शिंद्यांच्या मराठी राजवटीची आठवण देणारे असून हिंदी प्रदेशात मराठी अर्थ कसा गेला, याचे ते बोलके उदाहरण आहे. इंदूरचा होळकरांचा राजवाडा तर सर्वपरिचित आहे.

कुंपणाचा शब्द वस्तीला आणि घराला लागू होणे हे केवळ भारतात घडलेले नाही. इंग्रजीतील ‘टाउन’ म्हणजे नगर आणि जर्मनमधील ‘त्साउन’ म्हणजे कुंपण हे एकाच मुळाचे शब्द आहेत. आपल्याकडे वाड्याला पर्याय म्हणून वापरला जाणारा ‘हवेली’ हा शब्ददेखील अरबीतील ‘सभोवताल’ या अर्थाच्या शब्दाकडे जातो. मुसलमानी राज्यव्यवस्थेत मुख्य ठाण्याभोवतालच्या प्रदेशाला हवेली परगणा म्हणत आणि पुणे शहराला वेढून असलेल्या तालुक्याचे नाव ‘हवेली’ आहे ते याच अर्थाने. दोन वेगळ्या भाषाकुलांतील दोन शब्द ‘वेढणे’ या एकाच कल्पनेपासून निघून ‘मोठे घर’ या एकाच मुक्कामी पोहोचले, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या नव्हे, तर अर्थविचाराच्या अभ्यासकाला निश्चितच उद्बोधक वाटेल.

कोकणातील वाडी, वाडा आणि कोंड

देशावरील गाव सामान्यतः एकवटलेले असते. त्याला गावकूस, वेस आणि पांढरी असते. शेती गावठाणाबाहेर असते. कोकणातील गाव असे नाही. डोंगरउतार, ओढे, कातळसडे आणि मळ्याची भातजमीन यांमुळे घरे विखुरलेली राहिली आणि गाव म्हणजे अनेक वाड्यांचा समुच्चय झाला. येथे गावाला एक तट नाही, तर प्रत्येक घराला गडगा आहे. जांभ्याचे दगड चुन्याविना रचून केलेला हा बांध, त्यात आत जाण्यासाठी ठेवलेले बेडे, आत खळे, पडवी, ओटी, माजघर, मागे परसू, विहीर आणि गोठा, ही रचना हातखंबा, निवळी, पाली या पट्ट्यात सर्वत्र दिसते. संस्कृत ‘वाट’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्याला प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावयाचा असेल, त्याने पुण्याच्या पेठांत जाण्यापेक्षा कोकणातील गडगा पाहावा.

‘वाडी’ या शब्दाचे कोकणात दोन अर्थ जिवंत आहेत. एक म्हणजे नारळी-पोफळीची बाग. तिलाच आगर असेही म्हणतात. हा ‘वाटिका’ या शब्दाचा सरळ वारसा. दुसरा म्हणजे घरांचा समूह. ही वस्ती आडनावावरून, जातीवरून, व्यवसायावरून किंवा झाडावरून, पाण्यावरून ओळखली जाते. गुरववाडी, तेलीवाडी, सुतारवाडी, ब्राह्मणवाडी, बौद्धवाडी अशी नावे रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव आढळतात. काही वाड्या मूळ गावापासून सुट्या होऊन स्वतंत्र महसुली गावे बनल्या आणि नावातील ‘वाडी’ मात्र टिकून राहिली. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी वाडीवाडीतून फिरते. कोणत्या वाडीत ती केव्हा जावयाची याचा क्रम परंपरेने ठरलेला असतो आणि त्या क्रमावरून झालेली भांडणे कोर्टापर्यंत गेल्याची उदाहरणे कोकणाला नवी नाहीत. वाडी ही नुसती भौगोलिक खूण नसून मानपानाचे एकक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

वाडा आणि वाडी यांतील भेद कोकणात आकारावर अवलंबून आहे असे सर्वस्वी म्हणता येत नाही. मराठीत पुल्लिंगी ‘-आ’कारान्त रूप मोठेपणा आणि स्त्रीलिंगी ‘-ई’कारान्त रूप लहानपणा दाखवते, गाडा-गाडी, सुरा-सुरी ही उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. त्या न्यायाने दाट, व्यवसायनिष्ठ वस्तीला वाडा आणि शेतकऱ्यांच्या विरळ वस्तीला वाडी म्हणण्याकडे कल दिसतो. रत्नागिरीतील मिरकरवाडा हा दाट वस्तीचा वाडा आहे. गोव्यात तर गावाच्या प्रत्येक विभागाला ‘वाडो’ म्हणतात. परंतु हा नियम नव्हे, प्रवृत्ती होय. सावंतवाडी ही एका संस्थानाची राजधानी असूनही वाडीच राहिली आणि त्या वाडीत राजवाडा उभा राहिला. यातील विनोद भाषेने स्वतःच केलेला आहे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतील ‘वाडा’ या शब्दाची नोंद या संदर्भात फार महत्त्वाची आहे. तेथे भव्य इमारत हा अर्थ प्रथम दिला आहे. त्यानंतर नगराचा विभाग, गावाचा भाग, आवार आणि गुरांचा कोंडवाडा असे अर्थ येतात. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने जो अर्थ सर्वांत जुना, तो कोशात सर्वांत शेवटी आणि जो सर्वांत नवा, तो सर्वांत आधी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रतिष्ठित मराठीत अर्थांची उतरंड उलटी झाली होती, याचा हा पुरावाच होय. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, गावाचा भाग या अर्थाच्या नोंदीत वाडा आणि कोंड यांचा सारा पूर्वी सरकारात न जाता मौजेखोताकडे भरला जाई, असा उल्लेख आहे. हे वर्णन कोकणाला लागू पडणारे आहे. हातखंब्याहून आंबा घाटाकडे जाताना साखरप्याजवळ कोंडगाव लागते. ‘कोंड’ हा शब्द त्या नावात आजही आहे.

येथे शब्दाचा संबंध सत्तेशी येतो. खोत हा सरकार आणि कुळ यांच्यामधील वंशपरंपरागत मध्यस्थ होता. वाडीवरील कुटुंबांनी पिकाचा हिस्सा खोताला द्यावयाचा, वेठ करावयाची आणि खोताने सरकारात ठरलेला सारा भरावयाचा, अशी ही व्यवस्था. ब्रिटिश सरकारने १८८० मध्ये खोती जमाबंदीचा कायदा करून हे संबंध लेखी चौकटीत आणले, पण मोडले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातीलच आंबडवे, १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने. ज्या काळात वाडी सारा भरत होती आणि खोत तो गोळा करीत होता, त्या काळात खोताच्या चिरेबंदी घरालाही ‘वाडा’ म्हटले जाऊ लागले, ही गोष्ट सूचक आहे. एका वाड्याने दुसऱ्या वाड्याकडे धान्य पोहोचवावयाचे होते. शब्द एक आणि धान्याची दिशाही एकच.

धनगरांचा वाडा

व्युत्पत्तीच्या मूळ अर्थाला सर्वांत प्रामाणिक राहिले ते पशुपालक. मेंढपाळ धनगरांच्या बोलीत ‘वाडा’ म्हणजे मेंढरे रात्री बसविण्याची वाघर लावून वेढलेली जागा. त्याचबरोबर मेंढरे घेऊन एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ आणि तो समूहदेखील. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या जीवनाचा जो प्रदीर्घ अभ्यास केला, त्यात या फिरत्या वाड्याचे विवेचन आले आहे. या वाड्याला भिंत नाही, जोते नाही आणि पत्ताही नाही. आज येथे, उद्या दुसऱ्याच्या शेतात. शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरे बसवून घेतो आणि मोबदल्यात धान्य देतो. कुंपण उचलून चालू लागणारा हा वाडा पाहिला म्हणजे स्थावर वास्तूचा अर्थ या शब्दाला किती उशिरा चिकटला असेल, याची कल्पना येते.

सह्याद्रीच्या माथ्यावरील गवळी धनगर मात्र म्हशी पाळणारे आणि स्थिर वस्तीचे. रत्नागिरी आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवर डोंगराच्या खांद्यावर त्यांचे वाडे आहेत. रस्ता, पाणी, शाळा या प्रत्येक गोष्टीसाठी त्यांना दीर्घकाळ डोंगर उतरावा लागला आणि काहींना अजूनही उतरावा लागतो. प्रशासनाच्या कागदपत्रांत ‘वाडी-वस्ती’ हा जोडशब्द येतो तेव्हा त्याच्या मागे बहुधा असे धनगरवाडेच असतात.

वाड्याचे ऐश्वर्य

कुंपणाने वेढलेली जागा हा अर्थ भव्य निवास या अर्थाकडे कसा वळला? याचे उत्तर वास्तूच्या रचनेत सापडते. सरदाराचे घर म्हणजे एक इमारत नव्हे. ते एक आवार होते. तट, दरवाजा, देवडी, पागा, कचेरी, देवघर, कोठार, विहीर, माणसांची आणि जनावरांची सोय, हे सारे एका वेढ्याच्या आत. त्या वेढ्याला वाडा म्हटले गेले आणि पुढे वेढ्यातील मुख्य इमारतीनेच ते नाव घेतले. रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे जिजाबाईंसाठी बांधलेला वाडा याचे उत्तम उदाहरण आहे. आज तेथे आतील इमारती नाहीत. तटाचे आवार, जोती आणि विहिरी उरल्या आहेत. तरीही लोक त्याला वाडाच म्हणतात आणि मूळ अर्थाने ते बरोबरच आहे.

पेशवाईत या अर्थाला परमोच्च प्रतिष्ठा लाभली. पुण्यातील शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार असल्याने वाड्याला ते नाव पडले. त्यास १६,११० रुपये खर्च आला. पुढे तट, ९ बुरूज आणि ५ दरवाजे यांनी तो पूर्ण झाला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील लाकडी इमारती भस्मसात झाल्या. उरले ते काय? तट, दरवाजे, बुरूज आणि जोती. म्हणजे आतील प्रासाद गेला आणि ‘वाट’ शिल्लक राहिली. आज पर्यटक ज्याला शनिवारवाडा म्हणून पाहतो, ते शब्दाच्या व्युत्पत्तीचेच अवशेष आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हे वाडे उभारणारी अनेक घराणी कोकणातून घाटावर गेलेली होती, ही बाब येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. भट पेशवे श्रीवर्धनचे, नाना फडणवीसांचे मूळ गाव वेळास, पटवर्धन रत्नागिरीजवळील कोतवड्याचे. घाट ओलांडून गेलेल्या या घराण्यांनी पुणे, सांगली, मिरज, मेणवली येथे वाडे बांधले. कोकणात मागे राहिलेल्या त्यांच्या भाऊबंदांचे मात्र ‘घर’च राहिले. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीत ज्या कौलारू वास्तूत झाला, तिला कोणी वाडा म्हणत नाही. तेच टिळक पुण्यात विंचूरकरांच्या वाड्यात राहिले आणि नंतर गायकवाडांचा वाडा त्यांच्याकडे आला. तोच आजचा केसरीवाडा. एकाच माणसाच्या आयुष्यात घर आणि वाडा यांतील अंतर घाटाने मोजले गेले. कोकणात पैसा नव्हता म्हणून वाडे झाले नाहीत, हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, कोकणात ‘वाडा’ ही संज्ञा वस्तीने आधीच अडवून ठेवली होती.

वाड्यांच्या ऐश्वर्याचा उत्तरार्ध थोडक्यात सांगता येईल. इनामे आणि संस्थानी उत्पन्ने आटली, मालकांनी खोल्या भाड्याने दिल्या आणि विसाव्या शतकात पुण्याच्या वाड्यात एकाच चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे राहू लागली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठचे कितीतरी वाडे पाडले. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात वैदर्भीय देशमुखी-देशपांडी वाड्याची पडझड आहे. परंतु ती साऱ्या महाराष्ट्रातील वाड्यांची म्हणून प्रेक्षकांनी ओळखली. अनेक बिऱ्हाडांचा वाडा म्हणजे पुन्हा एकदा ‘एका कुंपणातील वस्ती’. काही पिढ्यांपुरता पुण्यातील वाड्याने कोकणातील वाडीचा अर्थ परत मिळविला होता. मुंबईत गिरगावातील खोताची वाडी, फणसवाडी, कांदेवाडी या नावांनी हाच अर्थ गिरणगावाच्या आणि चाळींच्या शहरात जपला.

बंदिवानाचा राजवाडा

रत्नागिरीचा थिबा राजवाडा हा या शब्दाच्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय आहे. तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात १८८५ मध्ये पराभूत झालेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी प्रथम मद्रास आणि १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. सुरुवातीची सुमारे चोवीस वर्षे तो बंगल्यांत राहिला. १९१० मध्ये त्याच्यासाठी समुद्र आणि खाडी दृष्टीस पडेल अशा उंचवट्यावर तीन मजली वास्तू बांधून झाली. १९१६ मध्ये थिबा येथेच मरण पावला आणि १९१९ मध्ये राणी सुपयालत रंगूनला परतली. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे.

या वास्तूचा आराखडा मराठी वाड्याचा नाही. उतरते कौलारू छप्पर, अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि त्यांवरील लाकडी कोरीवकाम यांत वसाहतकालीन आणि ब्रह्मी छटा मिसळल्या आहेत. तरीही लोकांनी तिला ‘राजवाडा’ म्हटले. येथे ‘वाडा’ हा शब्द वास्तुप्रकाराचा वाचक राहिलेला नाही. तो निवासकर्त्याच्या दर्जाचा वाचक झाला आहे. कोल्हापूरच्या ‘नव्या राजवाड्या’विषयीही हेच म्हणता येईल, १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीत घड्याळाचा मनोरा आहे, दिंडीदरवाजा नाही. मात्र थिबाच्या बाबतीत शब्दाने एक जुनी गोष्ट नकळत सांगितली. हा राजवाडा म्हणजे राजाच्या हिंडण्याफिरण्यावर घातलेले कुंपणच होते. परवानगीशिवाय बाहेर न पडता येणाऱ्या राजाच्या घराला ‘वाटक’ हे नाव व्युत्पत्तीच्या अर्थाने जितके लागू पडते, तितके क्वचितच दुसऱ्या राजवाड्याला लागू पडत असेल.

कुंपणाच्या बाहेरचा वाडा

‘राजवाडा’ या शब्दाचा आणखी एक प्रयोग कोशांत सहसा मिळत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील काही गावांत महारवाड्यालाच राजवाडा म्हणण्याची पद्धत होती. काहींना त्यात उपहास दिसतो, काहींना सौजन्य. या प्रयोगाची उपपत्ती कोणतीही असो, एकाच गावात सरदाराचा वाडा आणि गावकुसाबाहेरील वाडा या दोहोंना एकच शब्द असावा, ही वस्तुस्थिती अभ्यासकाने टाळता कामा नये. पहिल्या वाड्याचे कुंपण आतील माणसांनी बाहेरच्यांना रोखण्यासाठी घातले. दुसऱ्या वाड्याचे कुंपण बाहेरच्यांनी आतील माणसांना वेगळे ठेवण्यासाठी घातले आणि ते बहुधा डोळ्यांना दिसत नसे.

कोकणात गावकूसच नसल्याने ‘गावकुसाबाहेर’ हा शब्दप्रयोग तेथे अक्षरशः लागू पडत नाही. म्हणून तेथे विषमता कमी होती, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. तटाचे काम अंतराने केले. ओढ्यापलीकडे, कातळावर, पाणवठ्याच्या खालच्या अंगाला वेगळी वाडी असणे, हेच कोकणातील बहिष्काराचे स्थापत्य होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर रत्नागिरी जिल्ह्यातील महारवाड्यांनी जुने नाव टाकले आणि त्या ‘बौद्धवाडी’ झाल्या. हा बदल शासनाने केला नव्हता. तो वाडीने स्वतः केला. वाडीच्या नावातील पूर्वपद बदलले, उत्तरपद राहिले. राहण्याची जागा तीच होती, पण ती कोणाच्या नजरेने ओळखली जावी हे ठरविण्याचा अधिकार तेथील माणसांनी आपल्याकडे घेतला होता.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा यांसारख्या नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचविण्यात आली. बदलावयाच्या नावांच्या उदाहरणांत ‘बौद्धवाडा’ हेही होते. लादलेले नाव आणि निवडलेले नाव यांना एकाच यादीत बसविल्याने जो प्रश्न निर्माण झाला, त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. महारवाडा हे नाव दुसऱ्यांनी दिले होते. बौद्धवाडी हे नाव धम्मस्वीकाराची नोंद होते. प्रशासकीय दृष्टीने दोन्ही समूहवाचक. इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही परस्परविरुद्ध.

शासनाने सुचविलेल्या बहुतेक नावांत ‘वाडा’ जाऊन ‘नगर’ आले, ही गोष्टही नोंदविण्यासारखी आहे. याच काळात शहरांत उलट प्रवाह दिसतो. गृहप्रकल्पांना, उपाहारगृहांना आणि मंगल कार्यालयांना ‘वाडा’ हे नाव देण्याची हौस वाढली असून महामार्गालगतच्या खानावळीही त्याला अपवाद नाहीत. दारात तुळशीवृंदावन, भिंतीवर ढाल-तलवार आणि ताटात पिठलं-भाकरी इतकी सामग्री त्यास पुरते. वस्तीचा वाडा पुसला जात असताना वैभवाचा वाडा विकला जात आहे. हातखंब्याच्या परिसरात मात्र महामार्गाचे चौपदरीकरण होऊनही पत्ता सांगताना माणूस प्रथम गाव सांगतो आणि लगेच वाडी सांगतो. टपालावर, लग्नपत्रिकेत आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या ग्रामविकास मंडळांच्या पावत्यांवरही गावाच्या नावामागे वाडीचे नाव छापलेले असते.